पुण्याकडे पाठ केलेला अँटेना

माझ्या खिडकीच्या गजाला एक वायर बांधलेली आहे. आंबवड्याला बदली होऊन आले तेव्हा भांडी लावायच्याही आधी मी ती बांधली. घरमालकीणबाईंनी सहज विचारलं, "कपडे वाळत घालायला का?" मी जवळजवळ अंगावरच गेले त्यांच्या, "कपडे अजिबात नाही घालायचे तिच्यावर." बिचाऱ्या दोन पावलं मागं सरकल्या. मग माझं मलाच हसू आलं. हेच वाक्य, ह्याच सुरात, मला एकांनी ऐकवलं होतं, आणि तेव्हा मी त्यांच्याशी केवढं भांडले होते.

मी आरोग्यसेविका. लोकांच्या तोंडी सिस्टर. माहेर शिवऱ्याचं, हमरस्त्यावरचं. ट्रकच्या हॉर्नशिवाय आम्हाला झोप लागत नाही. तिथून उचलून मला टाकलं वेल्ह्याच्याही आत, तोरण्याच्या बाजूच्या एका गावात. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूनं एसटी, आणि तीही तिच्या मनात आलं तर. स्वभाव माझा तापट, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढं कुणी म्हणायला नको, बाई फार तोडून बोलते.

खोली मिळाली ती वायरमनच्या घरात. वीजखात्यातून रिटायर होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, तरी गाव त्यांना वायरमनच म्हणायचं. मी आबा म्हणायचे. उंच, काटकुळे, पांढरा सदरा, आणि लोक खिशाला पेन लावतात तसा ह्यांच्या खिशाला टेस्टर. लग्नाला जाताना सदरा बदलायचे, टेस्टर तोच. नवीन घरात पाय ठेवला की आधी देवाला नमस्कार आणि मग भिंतीतल्या बोर्डाला टेस्टर, हा त्यांचा शिरस्ता. चहा मागाहून.

पुढच्या दोन खोल्या माझ्या, मागच्या दोन त्यांच्या, समोर पडवी. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी मी युनिफॉर्मची साडी धुतली आणि पडवीतल्या वायरवर पसरली. आत जाऊन केस विंचरतेय तोवर दारावर थाप. आबा. हातात माझी ओली साडी, नीट चौघडी करून.

"सिस्टर, ह्या वायरवर कापडं घालायची न्हाईत."

"का? करंट आहे का हिच्यात?"

"करंट न्हाई. गाणं हाये."

मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. मी म्हटलं, मी भाडं देते, पडवी वापरणार. ते म्हणाले, पडवी वापरा, वायर सोडून. मी म्हटलं, मग साडी काय डोक्यावर वाळवू? ते म्हणाले, "तुमच्या साडीनं माझं स्टेशन गेलं. आजचं शेवटचं गाणं हुकलं. त्याचं काय करायचं, ते सांगा." आणि खरं सांगते, त्या माणसाचे डोळे भरून आले होते. गाण्यासाठी. मी साडी घेतली आणि दार लावून घेतलं. मनात म्हटलं, कुठल्या येड्याच्या घरात येऊन पडले.

मग कळत गेलं. त्या दरीत पुण्याचं एफएम स्टेशन यायचं म्हणजे नुसता खरखराट, आणि त्यात मधेच कुणीतरी नळाखालून गाते आहे असा आवाज. आबांचा सारा जन्म त्या खरखराटाशी भांडण्यात चालला होता. आधी साधी वायर. मग चपट्या दुहेरी वायरचा इंग्रजी टी अक्षरासारखा अँटेना, दोन्ही हात अडीच-अडीच फुटांचे. "अडीच फुटाला बोटभर कमी," ते बजावायचे. "जास्ती केलीत तर खालचं स्टेशन घुसतं, कमी केलीत तर काईच न्हाई." मग बांबूवर तांब्याची तार. दर महिन्याला घरावर काहीतरी नवं उभं. मी एकदा विचारलं, "आबा, जन्मभर वायरीतच काम केलंत, मग हे एवढं अवघड का जातंय?" तर म्हणाले, "ती येगळी वायर. तिकडं करंट आपुन ढकलायचा असतो. हितं बोलवावं लागतं. बोलवल्यावर यायचं का न्हाई, ते त्याच्या मर्जीवर."

माणसालाही ते सोडायचे नाहीत. रेडिओजवळ माणूस उभा राहिला की आवाज सुधारतो, हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं आहे ते. एकदा सकाळी मी कप घेऊन पडवीत आले तर म्हणाले, "थांबा. हलू नका. डावा हात खिडकीच्या गजाला लावा." लावला. गाणं स्वच्छ झालं. ते डोळे मिटून ऐकत बसले, आणि मी एक हात गजाला, एका हातात चहा, अशी पाच मिनिटं उभी. लसीकरणाला आलेल्या दोन बायका लेकरं घेऊन अंगणात आल्या आणि बघतच राहिल्या. त्यातल्या एकीनं गावभर केलं, सिस्टरला लकवा मारला.

हे सगळं कशासाठी, तर एका पैजेसाठी.

आबांचं लग्न झाल्यापासूनची त्या घरातली रीत. सकाळी सव्वासातला गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. नवराबायको पडवीत चहा घेऊन बसायची. शेवटच्या गाण्याआधी दोघांनी धरायचं, आता येणारा आवाज बाईचा का बाप्याचा. ज्याचं चुकेल त्यानं कपबशा विसळायच्या. "कपबशा विसळणारा वायरमन साऱ्या तालुक्यात मी एकटाच," असं आबा अभिमानानं सांगायचे.

मी राहायला आले त्याच्या दोनच महिने आधी काकू पुण्याला गेल्या होत्या. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, घरात तान्हं बाळ. सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या. अशा सहा महिन्यांचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. जाताना घरातल्या दोन रेडिओंपैकी लहान रेडिओ त्यांनी पिशवीत घातला आणि ठरलं, तिनं तिकडं ऐकायचं, ह्यांनी इकडं, आणि कार्यक्रम संपला की फोनवर पैजेचा निकाल लावायचा. म्हणून शेवटचं गाणं हुकलं की आबांचा जीव कासावीस व्हायचा. ते गाणं हुकलं म्हणजे त्या दिवशी बायकोशी बोलायचं काही राहिलंच नाही, असा त्यांचा हिशेब.

मोबाईलची रेंज घरात एकाच ठिकाणी यायची, पडवीच्या कोपऱ्यात, माझ्या खिडकीच्या बरोबर बाहेर, आणि तीही उजवा खांदा भिंतीला टेकवला तर. त्यामुळे आठ वाजता चाललेला हा सगळा संसार मला ऐकावाच लागायचा.

"म्या बाप्या धरला हुता, बाप्याच आला. तू काय धरलंस? बाई? मग हरलीस की. ठिव कपबशा तुझ्या नावावर."

काकू रोज हरायच्या. कधी आबांचं चुकलं तर नेमकं त्यांचंही तेच चुकलेलं असायचं, तेव्हा बरोबरी. जिंकल्या अशा कधीच नाहीत. दिवाळीला आठ दिवस घरी आल्या की मात्र पडवीत बसून बाई आबांना धूळ चारायच्या, आणि आबा मुकाट्यानं कप विसळायचे. मी म्हटलं, "काकू, इथं कशा जिंकता हो?" त्या नुसत्या हसल्या. आबांनीच उत्तर दिलं, "पुण्याची हवा तिला सोसत न्हाई. डोकं चालत न्हाई तिथं." मला ते पटलंही. नर्स असून पटलं, आता काय बोलायचं.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर आबांनीच का नाही जावं पुण्याला? गेले होते की. चार दिवस. पोराच्या फ्लॅटमधला पंखा कुरकुरतो म्हणून ह्यांनी कुणाला न विचारता बोर्ड उघडला, आणि काय झालं कोण जाणे, सगळ्या इमारतीची वीज गेली. लिफ्टमध्ये एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन अडकली. सोसायटीचे लोक दारात आले. त्यांच्यासमोर मुलगा बोलून गेला, "आबा, इथं कशालाच हात लावत जाऊ नका तुम्ही." पोराचं तरी काय चुकलं म्हणा. पण ज्या माणसानं भर पावसात खांबावर चढून चाळीस वाड्यांना उजेड दिला, त्याला ते लागलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आबा घरी. "माझ्या हाताला जिथं काम न्हाई, तिथं मी न्हाई," एवढंच म्हणाले आणि म्हशीला वैरण घालायला गेले. पुन्हा त्या फ्लॅटची पायरी चढले नाहीत. विषय काढला की म्हैस पुढं करायचे. त्या म्हशीवर एवढं ओझं कुणी टाकलं नसेल.

मुलगा वाईट नव्हता. एकदा गावी आला तेव्हा बापाच्या मोबाईलमध्ये तोच रेडिओ टाकून दिला. अँटेना नको, खरखर नको. खांदा भिंतीला टेकवला की स्वच्छ आवाज. मला वाटलं, सुटलो. आबांनी दुसऱ्या दिवशी काय केलं, तर एका कानाशी मोबाईल आणि दुसऱ्या कानाशी रेडिओ. बराच वेळ ऐकलं आणि मोबाईल माझ्या पुढ्यात ठेवला.

"सिस्टर, ह्ये मागनं येतंय."

खरंच. रेडिओवर गाण्याचं कडवं संपलं तरी मोबाईलवर धृपदच चाललेलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं अंतर असेल.

"मग काय बिघडलं? गाणं तर तेच ना?"

"तिनं तिकडं ऐकून झाल्यावर म्या हितं ऐकायचं व्हय? मग आमी संगं कुठं बसलो?"

मी मोबाईल उचलून त्यांच्या हातात परत दिला.

मग आला शेवटचा, मोठा अँटेना. अॅल्युमिनियमच्या नळ्या, मधे दांडा आणि त्याला आडवे काटे, मासळीच्या काट्यासारखे. वेल्ह्याहून टेम्पोनं नळ्या आणल्या, पंधरा दिवस कापत बसले, आणि कौलांवर खांब उभा करून त्याचं तोंड केलं पुण्याकडं. खरखराट. थोडा डावीकडं, खरखराट. खाली उभं राहून निम्मं गाव सल्ले देत होतं. आबा महिनाभर रोज सकाळी कौलांवर चढत होते आणि मी खालून ओरडत होते, "आबा, वय बघा, हाडं मोडली तर मलाच बांधावी लागतील."

एका सकाळी वानरांची टोळी आली. त्यातला एक हुप्प्या नेमका खांबावर बसला, दोन झोके घेतले आणि गेला. अँटेना गर्रकन फिरला. पुण्याकडं पाठ आणि तोंड थेट तोरण्याच्या कड्याकडं. आबा शिव्या देत शिडी लावायला निघाले आणि पहिल्याच पायरीवर थांबले. पडवीतून गाणं येत होतं. स्वच्छ. बाईचा श्वाससुद्धा ऐकू यावा इतकं स्वच्छ.

"तिकडं डोंगर आडवा हाये," शिडीवर बसूनच ते मला समजावून सांगायला लागले. "आवाज डोक्यावरनं जातोय, तोरण्याच्या कड्याला लागतोय आन् माघारी फिरतोय. आन् म्या त्याच्याकडं पाठ करून बसलेलो. माकडाला कळलं, मला न्हाई."

गाव हसलं. पुणं तिकडं आणि वायरमनचं तोंड तिसरीकडं, म्हणून येता-जाता टोमणे. आबांना त्याचं काही नव्हतं. शनिवारी वानरांसाठी कौलावर भुईमुगाच्या शेंगा ठेवायला लागले, एवढाच फरक. आता एकही गाणं हुकत नव्हतं. आणि काकू रोज हरत होत्या.

काकूंना पुण्याला जाऊन दोन वर्षं होत आली असतील. मला पुण्याला ट्रेनिंगला जायचं होतं. आबांनी पायलीभर इंद्रायणी तांदूळ बांधून दिला. "तिला द्या. आन् एक बगून या, तिच्या रेडिओचा आवाज कसा येतो. तिथं काय म्हना, स्टेशनच हाये उशाला."

धायरीला फ्लॅट. काकूंनी दार उघडलं, जवळ घेतलं, चहा टाकला. नातू शेजारी खेळायला गेला होता. रेडिओ फ्रिजवर होता, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर गणपती. रेडिओवर गणपती बसलाय म्हणजे तो किती दिवसांत हलला नाही, हे कळायला नर्स असावं लागत नाही. तरी मी गणपती उचलून बाजूला ठेवला आणि बटण फिरवलं.

खरखराट. आमच्या दरीतल्यापेक्षा वाईट.

रेडिओ घेऊन खोलीभर फिरले. चारी बाजूंना सिमेंट, समोर दुसरी इमारत, गॅलरीला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी. काकू चहा गाळत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "पहिल्या दिसापासनं न्हाई येत."

"मग रोजची पैज?"

"ह्येच आधी आपलं धरलेलं सांगत्यात की, त्यांना दम कुठं असतो. त्यांचं बरोबर आलं की म्या उलटं सांगायचं. चुकलं की म्या बी तेच धरलेलं."

मी भडकले. म्हटलं, काकू, तो माणूस तिथं कौलांवर चढतोय, माकडांशी भांडतोय, आणि तुम्ही दोन वर्षं त्याला फसवताय?

"सांगितलं असतं तर नळ्या घेऊन आले असते हितं," काकू म्हणाल्या. "पोरगं पुन्यांदा बोललं असतं. मग ह्यांनी बोलणंच टाकलं असतं पोराशी. आन् तिथं एकटा माणूस, सिस्टर. सकाळी तेवढंच असतंय त्यांना. जिंकू दे की."

बोलताना त्यांनी पदर डोळ्याला लावला नाही, काही नाही. कप पुढं केला. मीच रडले. चांगली ढसाढसा रडले, आणि मग उठून खाली गेले, इलेक्ट्रिकच्या दुकानातून चपटी वायर आणली, सुरीनं फाडली, अडीच फुटाला बोटभर कमी असे दोन हात केले. स्टुलावर चढून जाळीच्या बाहेरच्या बाजूनं ती कपड्यांच्या दांडीला बांधली आणि खालचं टोक रेडिओच्या काडीला गुंडाळलं. भांडून भांडून मी एवढं शिकले होते. रेडिओ एकदम बोलला. कुणीतरी दुपारच्या बातम्या वाचत होतं. काकूंनी त्या बातम्या देवळात बसल्यासारख्या हात जोडून ऐकल्या.

निघताना मी बजावलं, "काकू, उद्यापासनं ऐका. पण हरायचं मात्र रोजच्यासारखं. नाहीतर आबांच्या ध्यानात येईल."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी गावात. आठ वाजता खिडकीशी कान लावून उभी.

"म्या बाप्या धरला हुता, चुकलं. बाई आली," आबा म्हणाले. "तुझं बी बाप्याच असंल." आणि फोन कानाशी धरून ऐकत राहिले. पलीकडून काकू काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण पुष्कळ बोलल्या. हसल्याही असतील. दोन वर्षांनी पुण्यात ऐकलेलं गाणं, कुठलं राहतंय पोटात. आबा फोन बंद झाल्यावरही खांदा भिंतीला टेकवून तसेच उभे होते. मग आत आले. माझ्या खिडकीतला माझा चहाचा कप उचलला, त्यांचा उचलला, आणि मोरीवर जाऊन दोन्ही विसळले. बराच वेळ विसळत होते.

परत आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिथं गॅलरीला लोखंडी जाळी हाये. वायर आतनं बांधली का भाईरनं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेरून."

"अडीच फूट?"

"बोटभर कमी."

त्यांनी मान हलवली. खाली बसले. "दोन वर्सं," म्हणाले. "म्या हितं तोरण्याकडनं गाणं माघारी आणलं, आन् तिच्याकडं येतंय का न्हाई, ते इचारलं न्हाई." आणि हमसून हमसून रडले. मी पाठीवर हात ठेवला. साडीचं भांडण तिथं मिटलं आमचं.

शनिवारी म्हैस शेजारी बांधली आणि आबा स्टॉपवर. खांद्यावर अॅल्युमिनियमच्या नळ्या, खिशाला टेस्टर. कंडक्टर म्हणाला, हे लगेज आत येणार नाही. आबा म्हणाले, "काम हाये पुण्यात. हातचं काम हाये. तुमी घंटी मारा." नंतर कळलं, अँटेना बांधताना स्टूल मुलानं धरलं होतं, आणि हात लावू नका असं कुणी म्हणालं नव्हतं. चार दिवस म्हणून गेले, बारा दिवस राहिले.

परत आल्यावर तेच सुरू झालं, सव्वासात, चहा, पडवी. एक दिवस मी बाहेरच बसले होते. शेवटच्या गाण्याआधी आबा मला म्हणाले, "बाई येनार बगा." आणि आली बाईच. मी म्हटलं, जिंकलात. आठ वाजता त्यांनी खांदा भिंतीला टेकवला.

"म्या बाप्या धरला हुता गं," ते फोनमध्ये म्हणाले. "तू बाई? मग हरलो की."

फोन ठेवून ते आले, दोन्ही कप उचलले.

"आबा, खोटं का बोललात?"

"तिनं दोन वर्सं केलं," ते म्हणाले. "आता माझी पाळी." आणि कप विसळायला मोरीकडं गेले.